सहा तारा आणि भैयाजीची वही

समुद्रपूरच्या एसटी स्टँडसमोर एक रसवंती आहे, तिच्या पलीकडे खतं-बियाण्यांचं दुकान आहे, आणि या दोघांच्या मध्ये जी फट उरली होती तिच्यात मेघा थूलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फट म्हणजे अगदी फटच. एक गिऱ्हाईक आत शिरलं की दारातला उजेड बंद होतो, आणि रूपरावांसारखं भरल्या अंगाचं गिऱ्हाईक शिरलं तर वाराही.

तालुक्यातल्या निम्म्या भानगडी या फटीत दुरुस्तीला येतात. एका अत्यंत सभ्य गृहस्थाच्या फोनात 'पंक्चरवाला' या नावाचा नंबर आहे, आणि हा पंक्चरवाला रोज सकाळी त्यांना गुलाबाचं फूल पाठवतो. हे मेघाला माहीत आहे. ते तुम्हाआम्हाला कसं कळलं ते विचारू नका. मेघाकडून नाही एवढं नक्की. स्टँडवरच्या रिकाम्या मंडळींनी तिच्या तोंडून काही काढावं म्हणून पुष्कळ चहा खर्ची घातला. ती चहा पिते, "मस्त होता बाप्पा" म्हणते, आणि पुन्हा भिंगात डोकं घालते. अशी बाई गावात असणं म्हणजे गप्पिष्टांच्या पोटावर पायच.

मात्र ती सगळं लिहून ठेवते. तिच्या टेबलाच्या खणात एक लांबट रजिस्टर असतं. त्यात तारीख, नाव, फोन, तक्रार आणि शेवटी 'कारण' असे रकाने. तक्रार गिऱ्हाईक सांगतं, कारण मेघा फोन उघडल्यावर भरते. गिऱ्हाइकांच्या मते समुद्रपुरातले सगळे फोन 'आपोआप' बंद पडतात. रजिस्टरात मात्र 'वरणात पडला', 'बायकोने फेकला', 'स्वतः फेकला, बायकोचं नाव सांगितलं' अशा नोंदी आहेत.

ही सवय तिला लागली भैयाजी झाडे यांच्यामुळे, आणि पुढची सगळी हकीकत त्यांच्याच वहीची आहे.

भैयाजी म्हणजे मोटारी भरणारे मिस्त्री. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की आतली काळी पडलेली तांब्याची तार कापून काढायची, खाचांत कागद घालून त्यात नवी तार मोजून वेढे देत बसवायची, वरून वार्निश पाजायचं, याला मोटार भरणं म्हणतात. चाळीस वर्षं भैयाजींनी दुसरं काही केलं नाही. मेघा आयटीआयची वायरमन होऊन आली तेव्हा तिचे वडील प्रेमदास तिला घेऊन वर्धा, हिंगणघाट, जांब, सगळीकडे फिरले. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधणारा साधा माणूस. प्रत्येक दुकानात "पोट्टी हुशार आहे" एवढं एकच वाक्य बोलायचा. दुकानदार म्हणायचे, मुलगी आहे, जड काम आहे. काही जण आडनाव ऐकून आणखी एखादं कारण मनातल्या मनात म्हणायचे.

भैयाजींनी काहीच म्हटलं नाही. केसासारख्या बारीक तारेचं एक भेंडोळं तिच्या हातात दिलं. तांब्याच्या या तारेवर पातळ रंगाचा लेप असतो, तो विजेला अडवतो. जोड द्यायचा तर टोकाचा लेप खरवडावा लागतो.

"याची वीस टोकं साफ करून दे," भैयाजी म्हणाले. "तार तुटली तं बापासंगं घरी जाजो."

संध्याकाळी वीस टोकं चकचकीत होऊन टेबलावर होती. भैयाजींनी ती एकेक करून उजेडात धरली.

"उद्या लवकर येजो," ते म्हणाले. "अन् हा माठ. एक दिवस तू भरशीन, एक दिवस मी."

माठाच्या या पाळीबद्दल गावात दोन-तीन जण थोडं बोलले. त्या दोघा-तिघांच्या मोटारी त्या हंगामात सगळ्यांत शेवटी भरून झाल्या. वार्निश सुकत नाही, असं भैयाजींचं म्हणणं पडलं.

पाच वर्षं मेघा तिथे होती. पहिल्या वर्षी तिने एकटीने भरलेली पहिली मोटार रूपरावांची होती, तीन एचपीची. ती दोन दिवसांत जळली. रूपरावांचा हरभरा तहानलेला, आणि रूपराव दारात उभे. मेघा टेबलामागे बसून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. भैयाजींनी मोटार उघडली, वास घेतला, आणि रूपरावांना एवढंच सांगितलं, "चुकी दुकानाची हाये. उद्या संध्याकाळी घेऊन जा." दुसऱ्या दिवशी मेघाला जवळ बसवून ती पुन्हा भरून दिली. चुकीबद्दल तिला एक शब्दही बोलले नाहीत. फक्त त्या संध्याकाळी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लिहिलं.

भैयाजींची वही तालुक्यात प्रसिद्ध होती, आणि त्याहून जास्त बदनाम. तिच्यात प्रत्येक मोटारीचे वेढे, तारेची जाडी, खाचांचा हिशोब तर होताच. पण कंपनीचे आकडे इथल्या विजेवर टिकत नाहीत. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार आला की विजेचा दाब पडतो, मोटार कण्हत राहते आणि जळते. म्हणून कुठल्या गावात, कुठल्या डीपीवर, किती वेढे कमी आणि किती जाड तार, हे भैयाजींनी चाळीस वर्षांत ठोकरा खात बसवलं होतं. ते दुसऱ्या कुठल्या कागदावर नव्हतं. आणि शेवटी 'कारण'. मोटार का जळली ते खरं कळल्याशिवाय पुढची नीट भरता येत नाही, असं म्हणून भैयाजी त्या रकान्यात कोणाची गय करत नसत. रूपराव एकदा म्हणाले होते की उंदराने तार कुरतडली. भैयाजींनी लिहिलं: 'उंदीर. या उंदराला खांबावर आकडा टाकता येते.'

असल्या माणसाने आपल्याबद्दल काय लिहिलं असेल, हा विचार मेघाच्या मनात पुढे चौदा वर्षं होता. वही हाताशी असायची, पण ते पान उघडायचं धाडस तिला कधी झालं नाही. पुढे भैयाजीच तिला म्हणाले, आता फोन वाढून राह्यले, तुझे हात बारीक कामाचे, मोबाइलचं शीक. दुकानाचं पहिलं भिंग त्यांनीच आणून दिलं. ते अजून टेबलावर आहे.

आता वहीचं काय झालं ते ऐका. गेल्या पावसाळ्यात तिला कसर लागली. भैयाजींचे हात तोवर थरथरायला लागले होते, दुकान त्यांनी मुकेश नावाच्या जुन्या कारागिराला सोपवलं होतं. नवी वही उतरवून काढणं काही जमेना. मग त्यांनी एकेक पान उन्हात धरून आपल्या फोनने फोटो काढले. तीनशे बारा फोटो. फोन म्हणजे पुण्याच्या मुलाने नऊ-दहा वर्षांपूर्वी टाकून दिलेला. काचेला तडा, मागचं झाकण रबराने बांधलेलं. अख्खं स्टँड त्याला हसायचं.

दिवाळीत भैयाजींच्या पत्नी शोभाबाई यांनी आंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवला. लाकडं ओली होती.

"ऐकता काय, ते वहीचे फोटो काढले न तुमी?" त्यांनी विचारलं.

"काढले."

"मंग ते वही कायले ठेवली?"

भैयाजी दाढी करत होते. ते "हूं" म्हणाले. चाळीस वर्षं वार्निशच्या हातांनी हाताळलेली वही. अशी पेटली की शोभाबाई आजही त्या पाण्याची तारीफ करतात.

आणि डिसेंबरात फोन हरवला.

भैयाजींच्या घरी कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवतात, आढ्यापर्यंत. भैयाजींना दुपारी त्या ढिगावर आडवं होण्याची सवय. खाज सुटते, पण ऊब अशी की उठवत नाही. शर्टाच्या खिशातून फोन कधी सटकला आणि ढिगात किती खोल गेला, कळलं नाही. दुसऱ्या फोनवरून लावून पाहिलं तर बंद. चार दिवसांनी कापूस गाडीत भरताना तो तळाशी सापडला. ओला. सगळाच कापूस बऱ्यापैकी ओला होता.

आता कापूस विकायला न्यायच्या आधी काही घरांत फवारणीचा पंप का बाहेर निघतो, आणि त्यात औषध नसून नुसतं पाणी का असतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही; ज्यांना माहीत नाही त्यांनी कापूस जड का झाला याचा जरा विचार करावा. भैयाजींच्या कानावर या गोष्टी घालायची पद्धत त्या घरात नाही. शोभाबाई म्हणाल्या, "दव पडलं असन." खोलीला वर टिन, खाली फरशी, आणि दाराला कुलूप होतं.

भैयाजी रुमालात फोन बांधून मेघाच्या दुकानात आले ती बाजाराची सकाळ होती. स्टुलावर बसले आणि रुमाल सोडला.

"काय झालं जी?" मेघाने विचारलं.

"वही याच्यात हाये," भैयाजी म्हणाले. "मुकेशपाशी तीन मोटारी उघडून पडल्या. लोकाइचा हरभरा फुलावर आला. तो मले आकडे इचारून राह्यला, अन् मले पहिले तोंडपाठ होते न, आता धा मोटारींचे आठवते, बाकीच्यांत घालमेल होते." त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला. "चुकीचा आकडा देण्यापेक्षा न देलेला बरा. पण मंग मी केलं काय इतके वर्षं?"

मेघाने त्यांना पाणी दिलं आणि फोन उघडला. चार्जिंगच्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यात एक सरकीही होती. बोर्डावर पांढरट हिरवा गंज चढलेला. ओल्या कापसाची वाफ चार दिवस खाल्लेली वस्तू कशी दिसते, ते तिला पहिल्यांदाच दिसत होतं. तिने भैयाजींकडे पाहिलं आणि सरकी चिमट्याने उचलून टेबलाच्या कडेला ठेवली.

तासभर धुणं-पुसणं, मोजणं झालं. मग म्हणाली, "फोन गेला, भैयाजी. मुख्य प्रोसेसरच गेला, आता हा काही चालू होत नाई. पण फोटो ज्या चिपमधी असते ते चिप येगळी हाये. ते जिती दिसते."

"मंग ते काढ अन् दुसऱ्या फोनात बसव."

"काढाले तापवा लागते. आधीच भिजेल हाये. तापवताना मेली तं सगळं संपलं. तिले जागेवरच राहू देऊ, अन् बाहेरून तिच्याशी बोलू."

मग तिने भैयाजींना भिंगाखाली दाखवलं. कारखान्यात बोर्ड तयार झाला की तो तपासायला त्यावर तांब्याचे ठिपके ठेवलेले असतात, खसखशीच्या दाण्याएवढे. त्यांना टेस्ट पॉइंट म्हणतात. फोन बाजारात गेला की त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. पण चिपपासून निघालेल्या बारीक वाटा त्यांच्यापर्यंत आलेल्या असतात. त्यांतले सहा ठिपके आपल्या कामाचे: दोन वीज देणारे, एक जमिनीचा, एक ताल धरणारा, एक हुकूम नेणारा आणि एक ज्याच्यातून माहिती बाहेर येते तो. या सहांना सहा तारा जोडायच्या, तारांची दुसरी टोकं एका लहानशा डबीला, डबी लॅपटॉपला. मग बाकीचा फोन मेलेला असला तरी चिप वाचता येते.

"म्हणजे मोटार बंद, अन् आपण सरळ विहिरीत बादली सोडली," भैयाजी म्हणाले.

"हो जी. अन् एक गोष्ट चांगली झाली. फोन जुना हाये. नव्या फोनात चिपमधलं सगळं कुलपात असते, अन् किल्ली त्या मेलेल्या प्रोसेसरपाशी. नवा असता तं चिप वाचूनही नुसता कचरा भेटला असता."

भैयाजींच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा थोडा रंग आला. "त्या स्टँडवरच्या लोकाइले सांगजो हे," ते म्हणाले.

कुठले सहा ठिपके, हे या फोनसाठी कुठे मिळेना. कारागिरांच्या ग्रुपवर मेघाने विचारलं, तिथून हात जोडलेली चार चित्रं आली. मग तिने भंगाराचा डबा उपसला. ती काही फेकत नाही, यावरून तिच्या नवऱ्याची आणि तिची दर दिवाळीला एक बैठक होते. डब्यात त्याच जातीच्या फोनचा एक मेलेला बोर्ड निघाला. त्यावरची चिप तिने बिनधास्त तापवून काढली, आणि चिपखालच्या एकेका टिकलीवर मल्टिमीटरची सुई ठेवून दुसरी सुई ठिपक्यांवर फिरवत राहिली. जिथे बीप वाजेल तो ठिपका त्या टिकलीचा. दुपारपर्यंत सहाही सापडले. कागदावर तिने त्यांचा नकाशा काढला.

एवढ्यात दुकानातला उजेड गेला. रूपराव आले होते.

"भैयाजीचा फोन आणला म्हणते," रूपराव म्हणाले. सध्या ते गावाच्या वीजबचत समितीचे अध्यक्ष आहेत. "काई भेटलं का?"

"अजून नाई, काका."

"नाई न? तं राहू दे. बिचाऱ्या म्हाताऱ्याले कायले आशा लावतं. जुनं गेलं, जाऊ द्यावं."

"तुमचं पानही त्याच्यातच हाये, रूपराव," भैयाजी स्टुलावरून म्हणाले.

"कोन्तं पान? मले काय भेव हाये का?" असं म्हणून रूपराव बसायला जागा शोधू लागले. जागा नव्हती, पण ते बसले. वाराही गेला.

मेघाने केसासारखी लेपाची तार घेतली आणि तिची टोकं खरवडली. बोर्डावर वाकून तिने एकेक ठिपका सोल्डरने ओला केला आणि त्यावर तारेचं टोक ठेवलं. श्वास सोडला तरी टोक हलायचं. सहा तारा बसल्या. मल्टिमीटरने सहाही वाजल्या. तिने डबी जोडली आणि लॅपटॉपवर बटण दाबलं. पडद्यावर चिपने आपलं नाव सांगितलं.

"भेटलं?" भैयाजी.

"नाव सांगतलं तिनं. आता वाचतो."

वाचन सुरू झालं, थोडं चाललं, आणि थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं, या वेळी आणखी लवकर. तिसऱ्यांदा चिपने नावही सांगितलं नाही. मेघाने तारा आखूड केल्या, सगळ्या सारख्या लांबीच्या केल्या, डबीचा वेग कमी केला. चिप गप्प. रूपरावांनी सहानुभूतीने मान हलवली. त्यांना ती फार चांगली जमत होती.

मेघाने हात मागे घेतले. भैयाजींकडे पाहायचं तिने टाळलं. इतकी वर्षं या माणसाने दिलेल्या हातांवर घर चाललं, आणि आज त्याच हातांनी त्याची वही निसटत होती.

"वाजते का साऱ्या?" भैयाजींनी विचारलं.

"वाजून राह्यल्या जी, सहाही."

"वाजली म्हणजे जोड बसला असं कोनं सांगतलं तुले? मोटारीत आपण काय करत होतो?"

"ओढून पाहत होतो."

"मंग?"

"इथं ओढली तं ठिपका उपटून येते, भैयाजी. मंग काहीच राह्यत नाई."

भैयाजी स्टुलावरून पुढे वाकले. "मंग फुकून पाह्य," ते म्हणाले. "त्या भिंगातून पाह्य अन् बाजूनं फुक. हळू. जोड असन तं तार अन् सोल्डरचा रांगा संगं हालन."

मेघाने गाल फुगवून हळूच फुंकर घातली. पाच तारा आपापल्या सोल्डरसकट थरथरल्या. सहावी, माहिती बाहेर आणणारी, सोल्डरच्या थेंबात बाहुलीच्या हातासारखी सुटी फिरली. टोकावर लेपाची एक पातळ नळी राहून गेली होती. नुसती टेकलेली होती म्हणून वाजत होती; काम पडलं की सुटत होती.

पहिल्या दिवशी वीस टोकं साफ केलेल्या बाईचं एकविसावं टोक राहिलं होतं.

"आण इकडं," भैयाजी म्हणाले.

"तुमचे हात..."

"हात हालते. बोटं नाई हालत."

तिने नवी तार दिली. भैयाजींनी खिशातून घडी करून ठेवलेला पॉलिश पेपरचा तुकडा काढला. हा माणूस काम सोडल्यावरही तो खिशात बाळगत होता. कागदाच्या घडीत तारेचं टोक धरून ते डोळे मिटून अंगठ्याने फिरवू लागले. मनगट थरथरत होतं, कोपर थरथरत होतं, अंगठा मात्र जागचा हलत नव्हता. रूपरावही तेवढा वेळ गप्प बसले, याची नोंद खरं म्हणजे कुठेतरी व्हायला हवी.

टोक तांबूस चमकलं. मेघाने ते जोडलं, फुंकर घातली, तार आणि सोल्डर एकत्र हलले. बटण दाबलं. चिपने नाव सांगितलं आणि वाचन सुरू झालं. आकडा पुढे सरकत राहिला, थांबला नाही.

सव्वा तास लागला. तेवढ्यात रसवंतीचे तीन ग्लास आले. बाजाराला आलेल्या शोभाबाई भाजीची पिशवी घेऊन पोचल्या आणि दारातच उभ्या राहिल्या, कारण आत रूपराव होते. मग पडद्यावर फोटो उघडायला लागले. कसर लागलेली पानं, वार्निशचे डाग, भैयाजींचं खालच्या बाजूला झुकणारं अक्षर, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा. तीनशे बारा.

भैयाजी पडद्याजवळ गेले आणि एका पानावरच्या आकड्यांवरून बोट फिरवू लागले, जणू कागदच आहे. मेघाने तेवढ्यात मुकेशला तीनही मोटारींची पानं पाठवली. लगेच उत्तर आलं, 'आज संध्याकाळीच भरायला घेतो.'

"माझं पान कोन्तं?" रूपराव म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनीच पुढे सरकवत सरकवत ते काढलं, उंदराचं वाचलं, दोनदा वाचलं, आणि पोट हलेपर्यंत हसले. "खांबावर आकडा टाकते म्हणे. बापा रे. समितीत नका दाखवू हे."

"आन्खी हाये न तुमचं," शोभाबाई दारातून म्हणाल्या. "एका उंदरावर भागलं का तुमचं?"

रूपरावांनी पुढचं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. मेघाने तारीख पाहिली. तिच्या हातातला चिमटा टेबलावर पडला.

"रूपराव, तीन एचपी," रूपराव वाचत होते. "भरून दोन दिवसांत जळली. कारण: चूक भैयाजीची. खाचेत कागद कुठपर्यंत घालाचा, हे पोरीले दाखवाचं राहून गेलं. एकदा दाखवल्यावर पुन्हा इचारा लागलं नाई तिले. भरणी साफ होती. वेढे बरोबर. पुढच्या मोटारी तिलेच द्याव्या."

रूपरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे ते मोटार हिनं भरलती? तुमी तं मले म्हणाले, चुकी दुकानाची."

"दुकान कोनाचं होतं?" भैयाजी म्हणाले.

मेघा भिंगात डोकं घालून बसली. भिंगाखाली काही नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. चौदा वर्षं ज्या पानाला ती भीत होती, ते पान तिच्या बाजूनेच लिहिलेलं निघालं होतं. काही वेळाने तिने डोकं वर काढलं तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि रूपरावांनी बाहेर जाऊन थोडा वारा आत येऊ दिला. एवढं शहाणपण त्यांच्याकडे आहे, हे त्या दिवशी कळलं.

"भैयाजी," मेघा म्हणाली. आभार मानण्याची पद्धत त्या दोघांत कधी पडलीच नव्हती. माठ भरायची पाळी होती तेवढी. मग तिने खणातून रजिस्टर काढलं आणि आजची नोंद लिहायला घेतली. तारीख. भैयाजी झाडे. जुना फोन. तक्रार: फोटो काढून पाहिजे. मग 'कारण'पाशी तिचा पेन थांबला.

शोभाबाई आत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांची नजर रजिस्टरावर होती, आणि मग टेबलाच्या कडेला ठेवलेल्या त्या सरकीवर गेली. चेहरा असा झाला की भाजीच्या पिशवीतला मुळा बरा.

मेघाने लिहिलं: 'दव.'

शोभाबाईंनी श्वास सोडला. भैयाजींनी वाकून ते वाचलं.

"आपल्या घरात दव पडते," ते सावकाश म्हणाले, "हे मले पन्नास वर्षांत माईत नोतं."

"तुमाले घरातलं माईत तरी काय असते," शोभाबाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

भैयाजींनी मेघाकडे पेन मागितला. थरथरत्या हाताने, अक्षर खालच्या बाजूला झुकवत, त्यांनी 'दव'च्या पुढे लिहिलं: 'चूक भैयाजीची. कापसावर झोपला.'

शोभाबाईंनी ते वाचलं. मग पिशवीतून हरभऱ्याच्या भाजीची एक जुडी काढून टेबलावर ठेवली, आणि ठेवल्यावर थोडा विचार करून दुसरी पण ठेवली. दोघं साडेपाचच्या बसला गेली. भैयाजींनी चढताना मागे वळून मेघाला फक्त एवढंच सांगितलं, "ते टोक पुढच्या बारीनं नीट घासजो."

तो बोर्ड मेघाने फेकला नाही, हे सांगायला नको. सहाही तारा त्याला तशाच आहेत, आणि तो भैयाजींनी आणून दिलेल्या भिंगाशेजारी ठेवलेला आहे. मुकेशच्या दुकानात वहीच्या तीनशे बारा पानांची छापील गड्डी आली आहे. रूपरावांची दोन पानं त्यात आहेत की नाहीत, हे मुकेश सांगत नाही. आणि मेघाचं ते रजिस्टर पाहायचं असेल तर स्टँडवर जा, दुकानात शिरा, चहा मागवा. ती चहा पिईल, "मस्त होता बाप्पा" म्हणेल, आणि पुन्हा भिंगात डोकं घालेल.